ताम्हिणीच्या धुक्यातून इंदापूरच्या माळावर

२५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात वर्षभराचा सगळा पाऊस मोजला तरी तो साधारण ५०० मिलिमीटर भरतो. मुळशी तालुक्याने एका दिवसात झेललं, तेवढं इंदापूरला बारा महिन्यांतही मिळत नाही. आणि हे दोन्ही तालुके एकाच पुणे जिल्ह्यातले!

कारण आपण शाळेत शिकलोय. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंडावतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. माथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा कोरडी होत जाते. पुणे शहर या उतारावर मधोमध बसलंय. शहराच्या वाट्याला वर्षाला साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पश्चिमेला दीड-दोन तास गेलात तर शेवाळलेलं, गच्च हिरवं रान. पूर्वेला तीन तास गेलात तर खुरट्या बाभळी आणि नजर पोहोचेल तिथवर गवत. दोन्हींच्या मध्ये कातळाचे सडे, किल्ल्यांचे कडे, देवराया, टेकड्या आणि धरणांचं पाणी. एका दिवसाच्या पल्ल्यात इतकी वेगवेगळी रानं फार थोड्या मोठ्या शहरांच्या नशिबी येतात.

तर पाऊस जसजसा कमी होत जातो, तसतसं आपणही पश्चिमेकडून पूर्वेकडे निघू. माळावर मात्र जरा जास्त थांबणार आहोत. ते का, हे तिथे पोहोचल्यावर कळेलच.

जमिनीवर पाय न टेकणारा राज्यप्राणी

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे रान पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. इथला मानकरी शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर लांबीची ही तांबूस खार जमिनीवर उतरायचं शक्य तितकं टाळते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना ती सहा मीटरपर्यंत झेप घेते. घरटंही एक बांधून थांबत नाही, बारीक फांद्यांच्या शेंड्यांकडे काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवते. शिकारी प्राण्याचं वजन त्या फांद्यांना पेलत नाही, म्हणून तीच जागा सुरक्षित.

यातच शेकरूची अडचणही आहे. वर फांदीला फांदी भिडलेली असेल तरच त्याची वाट चालू राहते. जंगलातून रस्ता रुंद झाला, दोन्हीकडची मोठी झाडं गेली, की जमिनीवर उतरण्यावाचून त्याला इलाज राहत नाही.

याच जंगलात भर पावसाळ्यात, काळोख्या रात्री, कुजलेल्या फांद्या हिरवट उजेड देतात. हा उजेड मायसीना गटातल्या बुरशीचा. तिच्या पेशींतलं रसायन प्राणवायूशी संयोग पावतं आणि त्यातून थंड प्रकाश बाहेर पडतो. तो पाहायचा तर बॅटरी विझवून डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. घाईच्या माणसाला तो दिसत नाही.

उजेडाचा दुसरा सोहळा पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जूनचा पहिला जोरदार पाऊस येईपर्यंत. राजमाची, भंडारदरा, अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी, सगळीकडे काजव्यांनी झाडं लखलखतात. उडत्या काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्याआधीचा बराच मोठा काळ त्याने ओल्या मातीत अळी म्हणून, गोगलगायी खात काढलेला असतो. म्हणजे झाडावरचा लखलखाट हवा असेल तर खालची ओल आणि पालापाचोळा शाबूत हवा. नर-मादी एकमेकांना ओळखतात ते लुकलुकण्याच्या खुणेवरून. माणसांच्या टॉर्चचा झोत त्या खुणाच पुसून टाकतो. काजवे पाहायला जाणाऱ्यांनी गाडीचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवावेत, ही साधी विनंती त्यांच्या पुढच्या पिढीसाठी आहे.

आणखी दोन गोष्टी, भराभर. गारंबीच्या वेलाची शेंग मीटरभराहून लांब वाढते. हातात धरली तर जमिनीला टेकेल. आणि कारवी सात-आठ वर्षं नुसती पानांवर राहते, मग एका वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करून, बी टाकून मरते. फुलांच्या त्या एका हंगामात मधमाश्यांची चंगळ. वाळलेल्या कारवीच्या काठ्यांवर शेण-माती लिंपून घाटातल्या घरांच्या कुडाच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या आहेत.

सरकारच्या आधी गावाने राखलेलं

‘अभयारण्य’ ही सरकारी गोष्ट होण्याच्या कितीतरी आधीपासून मावळ, मुळशी, भोर, वेल्ह्याच्या गावांनी आपापली राखीव रानं ठेवली होती. त्या देवराया. फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पुण्याच्या विज्ञानवर्धिनी संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. डी. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवराया पायी हिंडून नोंदल्या. १९७६ साली त्यांचा सह्याद्रीतल्या देवरायांवरचा शोधनिबंध छापून आला, तेव्हा जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष इकडे वळलं. आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी देवराईतला झरा उन्हाळ्यात वाहतो, ही त्या गावांतल्या बायाबापड्यांना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट होती. कित्येक गावांचं पिण्याचं पाणी अजूनही त्याच झऱ्यावर आहे.

शिवनेरीच्या कड्यावरचं फूल

शिवनेरीला जाताना आपलं लक्ष इतिहासाकडे असतं. पण तिथल्या उभ्या कड्याच्या कपारीत एक वनस्पती चिकटून असते, शिंदळ माकुडी. पाच पाकळ्यांची चांदणी, गडद लाल रंग, त्यावर पिवळे ठिपके. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असं नाव दिलं. तिच्या जवळच्या नातलगांना खरी पानं जवळपास नसतातच, सगळा कारभार मांसल खोडावर चालतो. हिने मात्र पानं टिकवली आहेत. जगातल्या अत्यंत संकटग्रस्त बारा वनस्पतींची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने केली होती, त्यात ही शिवनेरी-पुरंदरची माकुडी होती. माणूस आणि शेळी यांचा हात-तोंड पोहोचत नाही, अशा कड्यांनीच तिला वाचवलं.

दोन बोटं मातीवरचा मेळा

पुण्याहून साताऱ्याला आणि तिथून पंचवीसेक किलोमीटर वर गेलं की कास. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचं जांभ्या दगडाचं पठार. माती इतकी पातळ की मोठं झाड मूळ धरूच शकत नाही. उन्हाळ्यात इथे काळा-तांबडा कातळ तापलेला असतो. तोच कातळ ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांनी झाकून जातो. साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती इथून नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात महाराष्ट्राची चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

पातळ मातीत नत्र कमी. मग काही वनस्पती किडे खाऊन ती भूक भागवतात. दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडा धरते. आणि ‘सीतेची आसवं’ म्हणून आपण ज्या निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो काढतो, त्यांच्या मुळाशी, ओल्या मातीत, टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की पिशवीचं दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतं. वनस्पतिसृष्टीतल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक, आणि ती चालते आपल्या बुटाखाली. कासला पायवाट सोडू नका असं वनखातं आणि गावकरी सांगतात, ते यासाठी.

शहराच्या पोटात

आता पुण्यात येऊ. वेताळ टेकडी सुमारे ८०० मीटर उंच, शहरातली सर्वांत उंच जागा. इथे मोर पहाटे ओरडतात आणि पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येऊन दाखल होतो. कर्वे रस्त्यावरून रिक्षाने जाऊन नवरंग पाहता येतो, ही चैन पुणेकरांनी गृहीत धरू नये. टेकडीफोडीच्या आणि रस्त्यांच्या बेतांविरुद्ध इथले लोक वर्षानुवर्षं उभे राहिले म्हणून ती उरली. शहरात नंतर आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तेही याच धडपडीचं फळ.

टेकड्यांवर एक चूक मात्र सद्‌हेतूने झाली. उघडी टेकडी म्हणजे दुखणं असं समजून तिथे गिरिपुष्प दाटीने लावलं गेलं. ते झपाट्याने वाढलं, हिरवंगार दिसलं आणि त्याच्या सावलीत मूळचं गवत आणि रानफुलं मागे हटली. गवताबरोबर गवतात अंडी घालणारे पक्षीही गेले.

विद्यापीठाशेजारी गणेशखिंड उद्यान आहे. १८७३ पासूनचं. २०२० मध्ये राज्य सरकारने ते जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं. ज्या यादीत गडचिरोलीतलं आलापल्लीचं घनदाट जंगल आहे, त्याच यादीत पुण्यातली ही रहदारीने वेढलेली बाग बसली आहे.

आणि वाघोली! तिथल्या दगडाच्या खाणींनी पुण्याचं नाव जगभरच्या खनिज संग्रहालयांत पोहोचवलं. कॅव्हनसाइट हे मोरपंखी निळ्या स्फटिकांचं दुर्मिळ खनिज पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने आले वाघोलीतून. पांढऱ्याशुभ्र स्फटिकांच्या गादीवर निळी गुलाबं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. त्या थिजलेल्या लाव्ह्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्याने ही निळाई घडवली.

मुठेच्या पाण्यातून लंडनच्या ग्रंथात

आज मुळा-मुठेकडे नाक धरून पाहणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही, पण दख्खनचा महासीर हा जगप्रसिद्ध मासा विज्ञानाला पहिल्यांदा ओळखीचा झाला तो याच नद्यांमुळे. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला. पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याने १८३९ साली या जातीचं वर्णन छापलं. नाव ठेवताना इथल्या कोळी-भोयांच्या तोंडचंच उचललं: ‘खुद्री’. त्याच्या इतर माशांच्या नावांतही मुल्या, फुलुंगी, कोळुस असे अस्सल देशी शब्द आहेत. पुढे हा महासीर आपल्या नद्यांतून विरळ होत गेला. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून जलाशयांत सोडायचं काम चालवलं आहे.

नद्यांची अजून एक करामत. जेलीफिश समुद्रात असतो असं आपण धरून चालतो. १९१२ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर या तरुण प्राध्यापकाला सह्याद्रीतल्या नदीत, गोड्या पाण्यात, जेलीफिश सापडला. त्या गणातला जेलीफिश तोवर आफ्रिकेतूनच माहीत होता. ‘नेचर’ नियतकालिकाने त्याची दखल घेतली. याच आघारकरांनी १९४६ मध्ये पुण्यात विज्ञानवर्धिनी संस्था उभी केली. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या त्या संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.

कुकडी नदीवर तर दोन नवलं आहेत. निघोजला पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे कातळाच्या खळग्यात गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत त्याचा रांजण करून ठेवतात. भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र इथे पायाखाली दिसतं. त्याच कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुक. इथल्या काठाच्या मातीत राखेचा एक फिकट थर आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडून आलेली! तोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासक अजून भांडतात. राखेच्या सोबतीने तिथे आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. जुन्नरला लेणी आणि शिवनेरी पाहून परतणाऱ्यांनी या राखेसाठीही वाट वाकडी करावी, इतकी ती मोलाची आहे.

माळ, मोकळा आणि भरलेला

आता थांबायची जागा आली. सासवड, सुपे, दौंड, बारामती, इंदापूर. बसच्या खिडकीतून पाहिलं तर ‘इथे काही नाही’ असं वाटायला लावणारा मुलूख. कागदोपत्रीही या माळांची गणना बरेचदा पडीक जमिनीत झाली. पडीक म्हणून मग कारखाना, सौर पट्ट्या, कचऱ्याचे डेपो किंवा वृक्षारोपणाचे खड्डे.

पण या ‘काही नाही’मध्ये कोण राहतं ते पाहा. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांत धाविक, चंडोल आणि माळटिटवी. यातल्या बहुतेकांना दाट जंगलात नेऊन सोडलं तर ते जगणार नाहीत. त्यांना दूरवर दिसलं पाहिजे, पळायला मोकळं रान पाहिजे, घरटं करायला उघडी जमीन पाहिजे.

लांडग्याची गोष्ट मोठी आहे. भारतीय लांडग्याचं शास्त्रीय वर्णन १८३१ साली केलं तेही कर्नल साइक्सनेच, दख्खनच्या लांडग्यावरून. आणि २०२१ मध्ये जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं, की जगात आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या वंशांमध्ये भारतीय लांडग्याचा वंश बहुधा सर्वांत जुना आहे. युरोप-अमेरिकेच्या बर्फातले झुबकेदार लांडगे चित्रपटांत झळकतात, पण त्या घराण्याची सर्वांत जुनी पाती सुपे-इंदापूरच्या उन्हात, धनगरांच्या वाड्यांच्या आसपास फिरते आहे. मेंढी गेली की धनगराचं नुकसान होतं आणि ते खरं नुकसान असतं. तरीही शतकानुशतकं मेंढपाळ आणि लांडगा एकाच माळावर राहत आले. वाघासाठी जो पैसा आणि प्रेम या राज्याने दिलं, त्याचा छोटा वाटा तरी या माळकऱ्यांना मिळायला हवा, धनगराला आणि लांडग्याला दोघांनाही.

‘माळ म्हणजे तोडलेलं जंगल’ हा समज खोटा ठरवायला मराठी साहित्यच मदतीला आलं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या ओव्या, आख्यानं, लोकगीतं चाळून त्यांतली झाडाझुडपांची, कुरणांची वर्णनं गोळा केली. २०२५ मध्ये छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्राचे हे मोकळे, काटेरी झाडांचे माळ किमान ७५० वर्षं असेच आहेत. इंग्रजांनी जंगल तोडण्याच्या कितीतरी आधीपासून. आपल्या संतकवींनी आणि ओव्या म्हणणाऱ्या बायांनी नकळत निसर्गाची नोंदवही लिहून ठेवली होती! मला या सगळ्या यादीत सर्वांत जास्त आनंद देणारी माहिती हीच.

माळाची अभयारण्यं आकाराने मजेशीर. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, मोरगावच्या गणपतीपासून फार लांब नसलेलं, फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. तिथला चिंकारा पाला आणि दव यांतून मिळणाऱ्या ओलीवर पाण्याविना बराच काळ काढतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी त्याहून लहान, अवघं २.१७ चौरस किलोमीटर. पण तिथला काळवीट उधळला तर ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. मनात आणलं तर अभयारण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन-तीन मिनिटांत पोहोचेल.

आणि दुसऱ्या टोकाला माळढोक अभयारण्य. सोलापूरचं नान्नज त्याचं केंद्र. १९७९ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा! शहरं, महामार्ग, लोकांची शेतं, सगळं त्या सीमेत आलं. मग खरेदी-विक्री अडली, लोक वैतागले आणि पक्ष्याबद्दलच राग साठला. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण माळढोक तोवर हातचा निसटत चालला होता. नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची विजेची तार दिसत नाही आणि दिसली तरी एवढं जड शरीर वेळेत वळत नाही. देशात आज दीडशेहून कमी माळढोक उरलेत, महाराष्ट्रात तर तो जवळपास दिसेनासा झालाय. राष्ट्रीय पक्षी निवडताना पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी माळढोकचं नाव सुचवलं होतं. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकला तो मिळाला असता तर कदाचित माळांकडे पाहण्याची आपली नजरच बदलली असती.

चांगली बातमी अशी, की २०२४ पासून पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडी आणि बारामतीच्या शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. नोंदणी ऑनलाइन होते, सोबत गावातलाच गाइड असतो. ताडोबाच्या जिप्सीची वाट पाहण्याआधी एकदा पहाटे कडबनवाडीला जा.

उसातला शेजारी

जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे धरणांचं पाणी आलं, ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्या. वर्षभर उंच, दाट, माणसाची वर्दळ नसलेलं पीक त्याला पिल्लं वाढवायला सोयीचं पडलं. शेजारच्या अकोले खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ मध्ये छापून आलेला आकडा असा, की भरवस्तीच्या शेतीप्रदेशात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं. पोट कशावर भरतात? मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा.

अत्रेय यांनी गळ्यात पट्टा बांधलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या आठवत असेल. २००९ मध्ये तो टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडला. त्याला काढून माळशेजला सोडलं. पंचवीसेक दिवसांत तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत कसारा स्थानकाजवळचे रूळ ओलांडले, महामार्ग पार केला, वसईची खाडी पोहला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबईजवळच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये चित्रपटही निघाला.

पण जुन्नर-शिरूरच्या माणसासाठी बिबट्या ही कौतुककथा नाही. तिथे लेकरं गेली आहेत, रात्री पाणी धरायला जाताना पोटात गोळा येतो. दिवसा वीज, बंदिस्त गोठा, घराशी उजेड आणि भरपाई वेळेवर, ही त्यांची मागणी आहे. बिबट्यावर खरं प्रेम असणाऱ्या प्रत्येक शहरी माणसाने ती आपलीच मागणी मानली पाहिजे.

उजनीचे पाहुणे

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळही गेलं. पाणी ओसरलं की त्याचं शिखर पुन्हा डोकं काढतं. पसरट जलाशयाच्या कडेला उथळ चिखल तयार झाला आणि भिगवणच्या परिसरात पक्ष्यांचं मोठं ठाणं बसलं.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चिखलपाणी गाळून बारीक जीव टिपतो. त्याचा गुलाबी रंग याच खाण्यातल्या रंगद्रव्यांचा. पिल्लू जन्मतं तेव्हा करड्या-पांढऱ्या पिसांचं असतं. पट्टकादंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून इथे येतात. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं, म्हणून जिथे गिर्यारोहकाला धाप लागते तिथे ते पंख मारत राहतात. जवळच्या भादलवाडीच्या तलावावर चित्रबलाकांची वीण होते. एकेका झाडावर कितीतरी घरटी आणि सगळीकडून चोचींची खडखड.

कुंभारगाव, डिकसळचे मासेमारी करणारे तरुण आता पक्षी दाखवायला नावा नेतात. कोणता पक्षी आज कोणत्या फुगवट्यावर उतरलाय हे त्यांना सकाळीच माहीत असतं. पाणी उतरू लागतं तेव्हा, जानेवारीअखेरपासून पुढे, रोहितांची संख्या वाढत जाते. फोटोसाठी थवा उडवायचा आग्रह नावाड्याला करू नका. उठवलेल्या थव्याची चरण्याची वेळ वाया जाते आणि परतीच्या प्रवासासाठी अंगावर साठवायची चरबी त्याला याच चिखलात मिळवायची असते.